जीन चालू असताना आत येऊ नये

जळकोट,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६६

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शिवगंगाचा शरणार्थी नमस्कार.

सोलापूरच्या मोटारवाल्यानं तुमचा निरोप पोचवला. "सुनेला म्हनावं, जीन तुजं झालं, आता मला काय इचारतीस." हा निरोप त्यानं मोटार थांबते तिथं, चार माणसांत, तुमच्याच आवाजात दिला. आवाज चांगला काढतो. लोक हसले, मीही हसले आणि घरी आले.

कापसातली सरकी काढायचं हे जीन माझं झालेलं नाही. फाल्गुनात मी तुम्हाला एवढंच म्हणाले होते, की यंत्र चालू असताना आत येऊ नका. तुम्ही जेवलात, पिशवी भरलीत, सोलापूरला चन्नम्मा वन्संकडं चार दिवस जाऊन येतो म्हणालात. त्या चार दिवसांत इथं पेरण्या झाल्या, पोळा झाला, गणपती उठले. गावात बोललं जातं की महांतप्पांना सुनेनं स्वतःच्या जिनातून हाकललं. तुमचे चिरंजीव हे ऐकतात आणि पान लावत बसतात. बायकोची बाजू घ्यावी तर बाप रागावेल, बापाची घ्यावी तर घरात जेवायचं आहे.

तसं मी का म्हणाले, हे आज लिहीत नाही. कारण आहे, एवढं समजा.

या पत्राचं काम दुसरं आहे. कापूस यंदा बरा आहे. मार्गशीर्षात गाड्या लागतील. इंजिन चालवायला माणूस पाहिजे आणि तो कोंडीरामच पाहिजे. तुम्ही त्याला गेल्या माघात काढलंत. इंजिनाचा पट्टा ढिला ठेवला, तो निसटला, म्हणून यंत्रावर कापूस घालणाऱ्या सिद्धम्माचा हात गेला, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि सगळ्यांनी मानलं. मी म्हणते, त्याला परत बोलवावं. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर बाकीचं मी बघते.

सिद्धम्मा बरी आहे. उजवा हात कोपराखाली नाही, तेवढं सोडून बरी. तुम्ही दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिलात, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली आहे. भाकरी वाकडी होते, पण फुगते.

तुमची लिंगपूजा वेळेवर होते ना? वन्संच्या घरात सकाळी फार गडबड असते, म्हणून विचारलं.

आपली,
शिवगंगा

जळकोट,
आश्विन शुद्ध एकादशी

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शरणार्थी.

वन्संच्या अक्षरातलं कार्ड मिळालं. "कोंडीरामाचे नाव पुन्हा काढू नये." एवढंच. खाली वन्संनी आपल्या मनानं "इकडे सर्व क्षेम" घातलं आहे, ते तुम्ही सांगितलेलं नसणार.

नाव काढू नये म्हणालात, पण माणूस आहे तिथं आहेच. तो नळदुर्गाच्या एका जिनात काम मागायला गेला होता. तिथं त्याला विचारलं, बाईचा हात घालवणारा फिटर तूच का? हा व्हय म्हणाला आणि परत आला. आता सडकेच्या कडेला पत्र्याखाली बसून मोटेची चाकं आणि कुळवाच्या लोखंडी पासा नीट करून देतो. ज्यानं आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखावा, त्याला लोक विळ्याला धार लाव म्हणतात.

मी त्याच्याकडं गेले होते. सून मालकीण पत्र्याखाली जाऊन बसली, हेही तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधीच सांगते. मी म्हटलं, कोंडीराम, हंगाम तोंडावर आला. तो म्हणाला, "थोरल्या मालकानी बोलावलं तर आत्ता येतो. तुमी बोलावलं तर न्हाय. तुमचं आईकलं तर त्येंची इज्जत कुठं ऱ्हायली?"

मी विचारलं, त्या दिवशी खरं काय झालं ते तू मालकांना का सांगितलं नाहीस? त्यावर तो कानस घासत राहिला. मग म्हणाला, "वैनी, मी त्येंचं मीठ खाल्लंय. जाऊ द्या."

यावरून तुम्हाला थोडं समजलं असेल, की सांगण्यासारखं काहीतरी आहे. मी मुद्दामच लिहिलं.

खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली. तुमच्या जागी चिरंजीव बसले. नारळ एका घावात फुटला नाही. हरिबा सुतारानं प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही अंगांना फळ्या मारल्या आहेत, कुणाचा लुगड्याचा काठसुद्धा आत जाऊ नये अशा. बुटक्या बायकांसाठी लाकडी पाट करून घेतले. गेल्या साली त्या सरकीच्या पोत्यांवर उभ्या राहून यंत्रात कापूस घालायच्या, पोतं खाली दबलं की पुढं झुकायच्या. हे आपल्याला कधी दिसलं नाही, कारण आपण हिशेबाच्या गादीवरून बघत होतो आणि तिथून बायकांच्या फक्त पाठी दिसतात.

आपली,
शिवगंगा

जळकोट,
कार्तिक वद्य द्वितीया

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शरणार्थी.

हे पत्र बसून वाचा. वन्संनी वाचून दाखवू नये, तुम्ही स्वतःच वाचा.

काल आम्ही जीन चालवून पाहिलं. नळदुर्गाहून एक इंजिनवाला दिवसापुरता आणला होता. कापूस थोडाच होता, फळ्या कशा बसल्या ते बघायचं होतं. बायका आपापल्या यंत्रापाशी, पदर कमरेला घट्ट खोचलेले. मी शेवटच्या यंत्राजवळ होते, माझाही पदर खोचलेला. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात तुमचे चुलतभाऊ शरणप्पाकाका बघायला म्हणून आले. जुनी माणसं येतात तसे आले, दारात थांबून खाकरले.

मामंजी, त्या खाकरण्याबरोबर जिनातल्या सगळ्या बायकांचे हात एकदम कमरेला गेले. हातातला कापूस यंत्राच्या तोंडात तसाच सोडून प्रत्येकीनं खोचलेला पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. पट्ट्यांचा वारा होताच. पदर फुगले, उडाले. फळ्या होत्या म्हणून वाचलो, तरी एकीच्या पदराचं टोक फळीवरून पलीकडं गेलं आणि तिच्या शेजारणीनं ते ओढून घेतलं.

मी हे सगळं पाहिलं आणि मग लक्षात आलं, की माझा हातही डोक्यावर आहे. ज्या बाईनं फळ्या मारून घेतल्या, ज्या बाईला सगळं ठाऊक होतं, तिचाही.

म्हणून आता सांगते. सिद्धम्मानं मला शपथ घातली होती. "थोरल्या मालकांच्या कानावर घालू नका. त्येंच्या जिवाला लागंल. माजा हात काय परत येनार हाय का?" मी शपथ पाळली. तुम्हाला आत येऊ नका म्हणाले आणि कारण गिळलं. तुम्ही रागावून गेलात तरी गिळलं. पण तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून कोंडीरामानं विळे घासत बसायचं, हे मला आता पटत नाही.

त्या दिवशी माघात तुम्ही शेतावरून बायकांसाठी हुरडा घेऊन आला होतात. उपरण्यात बांधून, गरम होता. दारात थांबून तुम्ही खाकरलात. कुठल्याही बायाबापड्यांच्या घोळक्यात भला माणूस खाकरल्याशिवाय शिरत नाही, आणि तुम्ही भले माणूस आहात. जळकोटात तुमचं खाकरणं न ओळखणारं कुणी नाही. सिद्धम्मा शेवटच्या यंत्रावर होती, पट्टा तिच्या पाठीशी. तिनं पदर ओढून काढला, डोक्यावर घ्यायला मागं टाकला, आणि तो पट्ट्यानं घेतला. पदर सोडवायला तिनं हात मागं नेला.

पट्टा निसटला नव्हता. कोंडीरामानं बांबू घालून तो चाकावरून पाडला, म्हणून फक्त हात गेला. नाहीतर पदराबरोबर ती सगळीच गेली असती. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा पट्टा खाली पडलेला होता आणि कोंडीराम बांबू घेऊन उभा होता. त्यावरून तुम्ही जे समजलात ते कुणीही समजलं असतं. तुम्ही त्याला काढलंत, त्यानं मान खाली घातली. तो काय सांगणार होता? मालक, तुमच्या खाकरण्यानं झालं, असं?

यात तुमचा गुन्हा नाही, हे मी मनापासून लिहिते. सिद्धम्मानं मान दिला, तुम्ही मान राखून आलात. दोघांनीही आजवर शिकवलं तसंच केलं. पण पट्ट्याला हे कळत नाही.

मला तुमची फार आठवण येते. हेही आज लिहून टाकते. लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीच तेवढं येत होतं. मराठी वाचायला तुम्ही शिकवलंत, हिशेबाच्या गादीशेजारी बसवून. मी पदरातून बघायची, तुम्ही भिंतीकडं बघून शिकवायचात. त्या अक्षरांनीच तुम्हाला हे लिहावं लागतं आहे, याचं वाईट वाटतं.

आपली,
शिवगंगा

जळकोट,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शरणार्थी.

तुमचं उत्तर आलं नाही. कार्ड नाही, मोटारवाल्याजवळ निरोप नाही. तो बिचारा मला बघून स्वतःच मान हलवतो. आवाज काढायला काही मिळालं नाही म्हणून त्यालाही चुकल्यासारखं होत असावं.

जीन बंद होतं. तीन-चार गाड्या दारावरून नळदुर्गाला गेल्या. चिरंजीवांनी पान लावणं थांबवलं आणि माझ्याकडं बघायला लागले, यावरून प्रसंग किती अवघड होता ते ओळखा. "अप्पांना तसलं पत्र कशाला लिहिलंस?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही लिहिलं असतंत तर मी लिहिलं नसतं. मग पुन्हा पान.

आणि काल सकाळी कोंडीराम हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा. मी काही विचारायच्या आत सरळ इंजिनाकडं गेला, झाकण काढलं, नळदुर्गवाल्याला दोन शिव्या दिल्या. मग म्हणाला, "थोरले मालक आले हुते. मोटारीतनं उतरले, पत्र्याखाली आले, माज्या पेटीवर बसले. म्हनले, कोंडीराम, जीन चालू कर. येवढंच म्हनले."

मी विचारलं, आणखी काहीच नाही?

"माजा हात हातात घेऊन बसले हुते. मग मोटार परत फिरली, तवा गेले."

म्हणजे तुम्ही जळकोटाच्या सडकेपर्यंत आलात आणि घरी आला नाहीत. यावर मी काही लिहीत नाही. कोंडीराम दिलात, तो घेतला. दिवसभर त्याच्या डोक्याला नवा पटका होता. तसला पटका जळकोटात मिळत नाही, सोलापुरात मिळतो.

आता जिनाची व्यवस्था सांगते, कारण जीन तुमचं आहे. दारावर घंटा टांगली आहे. बाहेरच्यानं घंटा वाजवायची, कोंडीराम इंजिन बंद करतो, मग आत यायचं. घंटेपाशी सिद्धम्मा बसते. तिला काम पाहिजे होतं आणि त्या कामाला एक हात पुरतो. शरणप्पाकाका तिच्यावर चिडले, मला कोण अडवणार म्हणाले. ती म्हणाली, "काका, माज्याकडं बगा आन् मग जावा." काका घंटा वाजवून थांबले.

पण एवढ्यानं भागत नाही. घंटा वाजवायला विसरणारं कुणी ना कुणी येणारच. हात कमरेला जाण्याची सवय आहे तोवर फळ्या आणि घंटा अर्ध्याच कामाच्या. मी बायकांना रोज सांगते, जिनात कुणीही आलं, अगदी सुभेदार आला तरी पदराला हात लावायचा नाही. त्या व्हय म्हणतात. मग एक म्हणाली, "वैनी, सुभेदाराचं ठीक हाय. थोरले मालक आले तर?"

तर माझी विनंती अशी, की तुम्ही एकदा या. घंटा न वाजवता, इंजिन चालू असताना. सवय तुमच्यापुढं लागली आहे, ती तुमच्यापुढंच सुटेल. तुम्ही आत उभे आहात, कुणी पदर घेतला नाही, आणि तुम्हाला राग आला नाही, एवढं त्यांनी डोळ्यांनी बघायला पाहिजे. माझ्या तोंडाच्या गोष्टींनी ते होत नाही.

येताना खाकरू मात्र नका.

आणखी एक. सगळ्यांच्या पुढं मी उभी असेन आणि माझ्या डोक्यावर पदर नसेल. सून सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं उभी राहिली असं आपल्या घरात झालेलं नाही. मी आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला धक्का बसणार नाही. मला किती भीती वाटते ते लिहीत नाही.

आपली,
शिवगंगा

जळकोट,
माघ शुद्ध षष्ठी

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शरणार्थी.

काल तुम्ही आलात आणि परतीच्या मोटारीनं गेलात. घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीत. चिरंजीव म्हणतात, अप्पा रागावून गेले. शरणप्पाकाका म्हणतात, जाणारच, दुसरं काय करणार. मला तसं वाटत नाही, पण मी तुमच्या मनात शिरलेली नाही. म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते. चुकलं असेल तर तुम्ही सांगा.

सिद्धम्मानं तुम्हाला लांबून ओळखलं. ती उठून उभी राहिली आणि डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला. बाहेर पट्टा नाही, तिथं घ्यायला हरकत नव्हती. तुम्ही तिच्यापुढं थांबलात. ती म्हणते, मालकांनी हात जोडले. तुम्ही तिला हात जोडलेत हे सांगताना तिला हसू येत होतं आणि रडूही.

मग तुम्ही दारात आलात. दारात थांबायची पायांची सवय, तसे थांबलात. खाकरला नाहीत. दाराकडं माझी पाठ होती, पण पहिल्या यंत्रावरच्या बाईचं तोंड बदललेलं बघून मला कळलं. मी वळले. एकेकीचा हात कापसातून निघायला लागला होता. मी सगळ्यांच्या पुढं येऊन उभी राहिले, दोन्ही हात मागं धरून, कारण माझ्याच हातांचा मला भरवसा नव्हता.

तुमच्या तोंडाकडं मी इतक्या वर्षांत एवढं सरळ कधी पाहिलं नव्हतं. तुमची उजवी भुवई जवळजवळ पांढरी झाली आहे. वन्संच्या घरी तुम्ही वाळलात. तुम्हीही भिंतीकडं बघितलं नाहीत, माझ्याकडं बघितलंत. मग तुम्ही म्हणालात, "पाट बरे केलेस की गं." हळूच म्हणालात, इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, ओठांवरून ओळखलं. मागं बायकांचे हात पुन्हा कापसात गेले.

तुम्ही ओळीनं चालत शेवटच्या यंत्रापर्यंत गेलात. तिथल्या फळीवर हात ठेवून उभे राहिलात. त्या कोपऱ्यात रुईचे बारीक तंतू सगळ्यात जास्त उडतात, ते तुमच्या घशात गेले. तुमची छाती हलली. खोकला येतो आहे हे मला दिसलं, कोंडीरामाला दिसलं, सगळ्या बायकांना दिसलं. तुम्ही उपरण्याचा बोळा करून तोंडात कोंबलात. मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी आवाज केला नाहीत. तसेच, बोळा दातात धरून, सगळ्या यंत्रांसमोरून परत चालत दाराबाहेर गेलात.

बाहेर लिंबाखाली तुम्ही कितीतरी वेळ खोकत होतात. इंजिनाच्या आवाजातही आत ऐकू येत होतं. एकीचाही हात पदराकडं गेला नाही.

यानंतर कुणी आलं गेलं तर आता फारशी काळजी वाटत नाही. तरी घंटा राहू दे. तोंडाला फडकं बांधायचं कोंडीरामानं कालच सुरू केलं. म्हणाला, मालकाला एवढ्या वेळात येवढा तरास, तर बायांचं काय हुत असंल. उद्यापासून सगळ्यांना फडकी शिवून देते. हे आम्हाला कुणाला आधी सुचलं नव्हतं.

एक तक्रार आहे. तुमचं उपरणं लोंबत होतं. पुढच्या खेपेला कमरेला बांधून या, नाहीतर सिद्धम्मा आत सोडणार नाही.

आणि घरी या. तुमची बाज धुऊन ठेवली आहे. तुम्हाला पाणी द्यायला मी दारापर्यंत आले होते, तोवर मोटार निघाली होती. तांब्या तसाच परत आणला. चिरंजीव हसले, पण नंतर त्यांनीच तो झाकून ठेवला.

हे पत्र घरात बसून लिहिते आहे. इथं पट्टा नाही. माझ्या डोक्यावर पदर आहे.

तुमची,
शिवगंगा